पुरती दोन मिनिटं

दिगांबर,

माणूस जातो, त्याचा आवाज मागे राहतो. हे वाक्य आपण दोघांनी अमरावतीच्या आणि अकोल्याच्या मोक्षधामांत इतक्यांदा ऐकलं की मला ते खरं वाटायला लागलं होतं. तुझ्या बाबतीत ते लागू पडत नाही. तुझा आवाज मुळातच घोगरा, जिवंतपणीही तिसऱ्या बाकाच्या पुढे न जाणारा. अशा माणसाने कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त व्हावं आणि मग उभ्या वऱ्हाडाला बोलायला शिकवण्याचा वर्ग काढावा, याला मी पोट धरून हसलो होतो. हसत हसतच त्या वर्गाच्या खुर्च्या जिन्यावरून वर नेल्या होत्या, हेही नोंदवून ठेव.

तेरवीला अजून अवकाश आहे. निर्मला वहिनींनी सांगितलं, "भाऊजी, कार्डावर चार ओळी लिहून द्या, तुमी लायब्ररीत होते, तुमाले जमते." मी लिहिल्या. प्रेमळ, मनमिळाऊ, सर्वांचे लाडके. वाचून पाहिल्या तर भलताच माणूस वारलेला. तो कागद फाडला आणि हे तुलाच लिहायला बसलो. तुझी सवय अशी की समोरचा बोलत असताना तू मध्ये तोंड घालत नसायचास. आज ती सवय माझ्या फार सोयीची आहे.

राजापेठेतली ती खोली आठवते. खाली औषधाचं दुकान, शेजारी टायच्या गाठी मारलेल्या हसऱ्या तरुणांची चित्रं लावलेले तीन क्लास. एकाचं ब्रीदवाक्य होतं, 'जग जिंका'. पेंटर तुझ्याही पाटीवर मुठी वळलेला माणूस काढायला निघाला होता. तू म्हणालास, "मूठ नको. 'बोलण्याचा वर्ग' एवढंच लिही." तो म्हणाला, "साहेब, एवढ्यात कोन येईन?" त्याचं म्हणणं मला पटलं होतं. अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत रेल्वेने आणि तिथून ऑटोने दर रविवारी मी ते पाहायला यायचो की खरंच कोणी येतं का. येत होते. पातूरचे, वलगावचे, मूर्तिजापूरचे. पुण्याच्या मुलाखतीतून परत पाठवलेले, सासरी उद्धट ठरलेले, मोबाइलवर चुरूचुरू लिहिणारे आणि समोर माणूस आला की पंख्याकडे पाहणारे.

पहिल्या दिवशी तू प्रत्येकाच्या हाती पाण्याने भरलेला स्टीलचा पेला द्यायचास. दोघं समोरासमोर बसवायचास. एकाने बोलायचं, दुसऱ्याने गप्प राहायचं. बोलणाऱ्याने 'झालं माझं' असं तोंडाने म्हटल्याशिवाय ऐकणाऱ्याने ओठ उघडायचे नाहीत, हा तुझ्या वर्गाचा एकुलता एक कायदा. झालं म्हटल्यावरही लगेच नाही. पेल्यातला एक घोट घ्यायचा, मग समोरच्याने काय सांगितलं ते त्यालाच परत सांगायचं. तो 'हो, हेच म्हटलं मी' म्हणाला तर पुढे जायचं. सुरुवातीला कोणीच पुढे जात नसे. माणसं स्वतःच्याच बहिणीचं बोलणं तिला भलतंच करून परत देत. त्या खोलीत मी जितक्यांदा 'असं कुठं म्हटलं मी?' ऐकलं, तितकं फक्त लग्नाच्या बोलण्यांत ऐकलं आहे.

पेल्याचा उगम तुझ्या वलगावच्या घरात होता. दारी आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं आणि पेला रिकामा होईपर्यंत कशाला आलास हे विचारायचं नाही, ही तुझ्या आईची शिस्त. मी विचारलं होतं, "ही घरोघरची रीत आहे. हिला शास्त्र कधीपासून म्हणायला लागलास?"

"पाह्य, नुसतं करत आलो तं रीत. केल्यानं फरक पडते का नाही, ते तपासून पाह्यलं तं शास्त्र."

"आणि फरक पडला नाही तर?"

"मंग रीत. सोडाची नाही तरी."

अशा वेळी मी चहा मागवायचो.

पल्लवीला तू तिथेच घडवलंस. पातूरची पोरगी, उंच, ताठ, आवाज असा की खालच्या दुकानदाराने एकदा वर येऊन विचारलं, भांडण मिटवायला येऊ का. तीन मुलाखतींतून परत आली होती. तिसरीतला किस्सा तिनेच पेला हातात धरून सांगितला.

"ते म्हने, तुम्हाला आमच्याकडे काम करायला आवडेल का? मी म्हटलं, आवडाचं काय हाय त्यात, काम हाय तं करू. त्यायनं लगेच काहीतरी लिहून घेतलं."

"मंग?"

"मंग म्हने, कळवतो. सर, मले तं वाटे मी लय हळू बोलून राहिली."

वर्ग हसला, ती हसली, तू हसला नाहीस. वर्ग सुटल्यावर मी म्हटलं की या मुलीची आधी वऱ्हाडी घालव, निदान मुलाखतीपुरती. तू माझ्याकडे असं पाहिलंस जणू मी तिला एक हात काढून ठेवायला सांगितलं. "काहून? तिच्या भाषेले काही झालं नाही. घाई तेवढी काढाची हाय. समोरच्याचा प्रश्न जमिनीवर पडाच्या आधीच हे उत्तर मारते. त्याले वाटते, लागलं आपल्याले."

महिनाभर तू तिला दुसरं काही शिकवलं नाहीस. प्रश्न, घोट, उत्तर. उत्तर तिचंच, बोली तिचीच, मध्ये फक्त एक घोट. पुढे तिला अमरावतीतच एका दवाखान्यात नोकरी लागली. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायचं काम. मी म्हटलं, योगायोग. तू म्हणालास, असन.

आपला दुसरा उद्योग शोकसभांचा. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं की आपल्याकडे चितेला अग्नी दिला की लोक घरी जात नाहीत, सिमेंटच्या ओट्यांवर बसतात आणि भाषणं ऐकतात. सर्व पक्षांचे, सर्व पतसंस्थांचे. मयताचा मुलगा ओल्या अंगाने उभा, आणि वक्ता सांगतोय की पंचायत समितीच्या निवडणुकीत आपल्यावर अन्याय कसा झाला. आपण दोघं मागे, लिंबाखाली. तू म्हणायचास की संवाद कसा नसावा हे शिकायला याच्यापेक्षा चांगली शाळा नाही, वर फीही नाही. मी वक्त्यांच्या उपमा गोळा करायचो. तू घड्याळ बघायचास.

ते घड्याळ शेवटच्या मौनासाठी. "दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहू," असं माइकवर म्हटलं की तू काट्याकडे बघायचास. दोन मिनिटं कधीच झाली नाहीत. कधी माणसं दम धरून उभी राहिली तर अर्धं मिनिट, एरवी त्याहून कमी, की 'ओम शांती' झालीच. एका प्राचार्यांच्या वेळी तर लोक अजून उठतच होते, तोवर संपलंही. पाच जणांची तासभर भाषणं ऐकलेल्या सभेला दोन मिनिटं गप्प राहणं जमत नाही, याचा तुला राग नव्हता, कुतूहल होतं. तू म्हणायचास, बोलण्यात जरा खंड पडला की माणसाला वाटतं आपलं काही चुकलं. मग तो काहीही टाकून ती फट बुजवतो. सगळं खोटं त्या फटीत भरलेलं असतं.

मागच्या दिवाळीनंतर अशाच एका सभेतून परतताना तू रस्त्याच्या कडेला थांबून म्हणालास, "माह्या वेळी भाषन नको. पुरते दोन मिनिटं पाह्यजे. घड्याळ तू धर."

"मी तुझ्या आधी गेलो तर?"

"तुह्या वेळी मी बोलतो. तुले चालते भाषन, नावं ठेवाले."

वहिनींनाही तू हे सांगून ठेवलं होतंस, हे मला फार उशिरा कळलं. मी एकटाच विश्वस्त आहे असं समजून मिरवत होतो.

आणि आपला तो वाद. तो तसाच पडून आहे. तू जायच्या आदल्या आठवड्यात फोनवर मी म्हटलं होतं की शिकवलेलं ऐकणं म्हणजे नाटक. मान कधी हलवावी, डोळ्यांत कधी पाहावं, थांबावं कुठे, हे ज्याला शिकवलं तो माणूस चांगला होत नाही, चांगला विक्रेता होतो. शेजारचे टायवाले निदान उघड सांगतात की जग जिंकायचंय. तुझी पोरं मात्र लोकांना ऐकून घेतल्याचा भास विकतात. जरा जोरात बोललो असेन. तू माझं बोलणं पुरतं होऊ दिलंस. नंतर म्हणालास, "हे बराबर विचारलं तू. थांब, विचार करून सांगतो."

तू उत्तराआधी थांबलास, तुझ्या पद्धतीप्रमाणे. अजून थांबला आहेस.

मंगळवारी सकाळी तू मोरीत पडलास. मी पोचलो तेव्हा तुझ्या नाकातोंडात नळ्या होत्या आणि यंत्र तुझ्या वतीने श्वास घेत होतं. वहिनी बाहेरच्या बाकावर. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते, उभ्या उभ्या बोलले. मेंदूत मोठा रक्तस्राव आहे, रिस्पॉन्स नाही, प्रोग्नोसिस गार्डेड, बाकी पॅरामीटर्स सध्या स्टेबल. वहिनींनी प्रत्येक शब्दाला मान हलवली. मीही हलवली. डॉक्टर पुढच्या माणसाकडे गेले.

तेव्हा पल्लवी आली. दवाखाना तोच, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. तिने खुर्ची ओढली नाही. वहिनींच्या समोर उकिडवी बसली आणि हातात पाण्याचा पेला दिला. वहिनींनी पाणी पिऊन पेला परत देईपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "काकू, डॉक्टरसाहेबांनी काय सांगितलं, ते मले सांगा."

वहिनी म्हणाल्या, "सुधारून राहिले म्हने. स्टेबल हायेत."

मी भिंतीकडे पाहिलं. एवढं शिकलेला मी शेजारी बसलो होतो, 'गार्डेड' म्हणजे भरवसा नाही हे मला कळत होतं, आणि स्टेबल या शब्दाला मीही चिकटून होतो.

पल्लवीने सगळं ऐकून घेतलं. नागपूरला न्यायचं का, मुलाला बेंगळुरूहून बोलवायचं का, दोन-चार दिवसांत घरी सोडतील का. वहिनी म्हणाल्या, "झालं माह्यं." त्या तुझ्या वर्गात कधी आल्या नव्हत्या. घरातच शिकल्या असतील. मग ती मुलगी म्हणाली, "काकू, सर आता जागे होनार नाहीत. मशीन काढली की जातीन. दादाले आजच बोलवा."

तिने ते त्याच आवाजात सांगितलं, पातूरच्या, सपाट, ज्यावरून तिला तीनदा परत पाठवलं होतं. एक शब्द जास्त नाही. आणि त्यानंतर ती काहीच बोलली नाही. धीर धरा म्हणाली नाही, देवाच्या हातात आहे म्हणाली नाही. वहिनी रडल्या, थांबल्या, पुन्हा रडल्या, लुगड्याला डोळे पुसून म्हणाल्या, "पोट्टी, तू बरं केलं सांगितलं." त्या सगळ्या वेळात ती तिथेच उकिडवी बसून होती. मीच मध्ये काहीतरी म्हणायला तोंड उघडलं होतं. तिने माझ्याकडे फक्त पाहिलं. मी मिटलं.

नंतर जिन्यात मी तिला तुझा प्रश्न विचारला. म्हणजे माझा, तुझ्याकडे प्रलंबित असलेला. "हे जे तू केलंस, ते सवयीने की मनापासून?"

ती म्हणाली, "सवय हाये काका. सवय नसती तं मी पळून गेली असती. पन पाय थरथरत होते, ते सरनं नाही शिकवलं."

हे उत्तर मी तुझ्या खात्यात धरत नाही. तुझं तू द्यायचं आहेस. पण इतकं सांगतो, की मला आयुष्यात ज्यांनी ज्यांनी वाईट बातम्या सांगितल्या, त्यांच्यापैकी एकाला तरी तुझ्या वर्गात पाठवता आलं असतं तर बरं झालं असतं.

आता तुझ्या दोन मिनिटांचं सांगतो. तुला तेवढंच ऐकायचं असणार.

मोक्षधामात गर्दी झाली. तुझी सगळी पोरं आली होती. आता पोरं कुठली, कोणी बँकेत, कोणी पोलिसात, कोणाच्या कडेवर मूल. आणि भाऊसाहेब आले. आपले भाऊसाहेब, माजी नगरसेवक, ज्यांच्या गाडीच्या डिकीत माइक, स्पीकर आणि बॅटरी कायम तयार असते. बेंगळुरूहून आलेल्या मुलाने अग्नी दिला, तोवर त्यांनी शेडमध्ये माइक लावून 'हॅलो, चेक' केलंही होतं. मी गाठलं.

"भाऊसाहेब, भाषणं नकोत. त्याची तशी इच्छा होती."

"इच्छा असन. पन एवढे लोक आले हायेत."

"लोक त्याच्यासाठी आले आहेत."

"तेच म्हनतो ना मी. जो मानूस जलमभर बोलाले शिकवत होता, त्याच्या मौतीले कोनी बोलाचंच नाही?"

प्रश्न बिनतोड होता. तुझ्यापुढे मी जे जे मांडत आलो त्यातलं बरंचसं भाऊसाहेबांनी एका दमात मांडलं, आणि त्यांच्या बाजूला उभं राहण्याची माझी इच्छा ताबडतोब गेली. मी काही बोलणार तोच बाकावरून वहिनी म्हणाल्या, "भाऊसाहेब, दोन मिनिटं मांगितले होते त्यायनं. अजून काहीच मांगितलं नाही कोनाले."

भाऊसाहेब विरघळले. वाईट माणूस नाही तो. म्हणाले, "ठीक हाय वहिनी. मी फक्त प्रस्तावना करतो."

प्रस्तावनेत तुझा जन्म, वलगाव, वलगावच्या रस्त्यावरचा पूल आणि तो पूल कोणाच्या पाठपुराव्याने झाला हे आलं. मग ते म्हणाले, "दोन मिनिटं स्तब्ध राहू," आणि सगळे उभे राहिले.

नेहमीच्या वेळी नेहमीप्रमाणे त्यांचा हात माइककडे गेला. पल्लवी शेजारी उभी होती. तिने त्यांच्याकडे न पाहता माइकवर तळहात ठेवला. भाऊसाहेबांनी इकडे तिकडे पाहिलं, हात मागे घेतला, बांधला, आणि मान खाली घातली.

घड्याळ धरायचं काम माझं होतं. मी मनगट वर केलं. काटे दिसले नाहीत. चष्मा खिशात राहिला होता, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे. तुलाही तेच सांगतो.

त्यामुळे दोन मिनिटं कधी झाली ते मला ठाऊक नाही. झाली हे नक्की, आणि पुढे गेली. आधी लोकांनी आपल्या चपला पाहिल्या, मग एकमेकांच्या. कोणाचा फोन वाजला आणि कापला गेला. लिंबावर पोपट भांडत होते. लाकडं तडतडत होती. नुसते तोंड दाखवायला आलेले लोकही हळूहळू चितेकडे पाहायला लागले, कारण पाहायला दुसरं काही उरलं नव्हतं. मी खूण केली असती तर संपलं असतं. पण मला तुझी पोरं दिसली, आणि माझ्या लक्षात आलं की ती माझ्या खुणेची वाट बघतच नाहीत. तुझ्या वर्गाचा कायदा एकच होता. समोरचा 'झालं माझं' म्हणेपर्यंत तोंड उघडायचं नाही. ती तुझी वाट बघत होती. पाठ ताठ, हात मोकळे, कसलीही घाई नाही. आणि त्यांच्या मागे अख्खं अमरावती उभं होतं, जे आजवर कोणासाठी मिनिटभरही गप्प बसलेलं नाही.

अभिमान हा शब्द मी सत्कार समारंभांमुळे वापरेनासा झालो होतो. आज वापरतो. शाल-श्रीफळाशिवाय वापरतो. दिगांबर, तुझ्या जिवंतपणी मी हे म्हटलं असतं तर तू घोट घेऊन मलाच परत सांगितलं असतंस आणि विचारलं असतंस, 'हेच म्हटलं ना तू?' हो. हेच म्हटलं मी.

वाद मात्र मी हरलेलो नाही. तो तहकूब आहे.

ते मौन कोणी मोडलं, ते सांगायचं राहिलं. आपल्यापैकी कोणीच नाही. फाटकाकडून डोक्याला उपरणं बांधलेला एक माणूस आला, थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिला, मग त्याने माझ्या दंडाला हात लावून हळूच विचारलं, "तुमचं झालं काय? आमचे लोक बाहेर उन्हात उभे हायेत." मी म्हटलं, झालं. आम्ही शेड रिकामी केली. त्यांच्याकडे सात वक्ते होते. भाऊसाहेब तिथेच थांबले. त्यांचा माइक लावलेलाच होता.